आमच्या पोळीनं पिल्लं जन्मत नाहीत


'खाऊ घालणाऱ्यांमुळेच कुत्री वाढतात' हे पत्र वाचलं. पत्रलेखकांनी एकदा पहाटे शिक्रापूरच्या चाकण चौकात यावं. पुणे-नगर रस्त्याकडेला पोत्यात बांधून टाकलेली चार पिल्लं मला तिथेच सापडली. आठवडाभरात तीन पार्व्हो या आजारानं गेली. सलाईनची सुई टोचताना धाकटीनं शेपूट हलवलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. चौथी आता माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपते (आणि उठल्यावर तीच कुरतडते!). कुत्री उचलून लांब सोडा, ही त्या पत्रातली सूचना तर २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत बसतच नाही. नसबंदी, रेबीजची लस, मग मूळ जागी परत, असं तिथं सांगितलंय. ग्रामपंचायतीकडे तेवढं मागा, अर्जावर पहिली सही माझी.
— एक वाचक, शिक्रापूर