वायर काढून मोजा!

परवा शनिवारी गावी होतो, अंबड तालुक्यात. पुतणीने जुना लॅपटॉप समोर आणून ठेवला. "काका, लाईट गेली की लेक्चर संपायच्या आत हा बंद पडतो." बघतो तर काय, लिनक्सचा सीपीयू गव्हर्नर 'परफॉर्मन्स'वर! कोणा शहाण्याने लावला? खोटं कशाला बोलू, मीच. "स्लो चालतो" म्हणाली म्हणून दिवाळीत लावून दिला होता.

आम्हा पुण्यातल्या इंजिनिअर लोकांची हीच खोड. मशीन कायम चार्जरला, वर एसी, आणि बेंचमार्कचा आकडा वाढला की आम्ही खूश. अहो, प्रोसेसरचा वीजवापर फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वरच्या वेगाला व्होल्टेजही जास्त लागतं. म्हणजे शेवटचा थोडासा वेग सगळ्यात महाग!

कर्नलवाल्यांनी यावर डोकं लावलंय. 2004 मध्ये 2.6.9 सोबत 'ऑनडिमांड' आला. तो ठरावीक वेळाने डोकावतो, मागच्या वेळात सीपीयू किती बिझी होता ते बघतो आणि मग वेग ठरवतो. म्हणजे मोसंबीची पानं कोमेजली की मग पाणी सोडायचं! 2016 मध्ये 4.7 सोबत 'शेडयुटिल' आला. कुठलं काम सीपीयूला किती जड जातं याचा हिशोब शेड्युलरकडे असतोच. हा तोच वापरतो, वर पाव हिस्सा जास्त धरतो आणि तेवढाच वेग मागतो. झाडं किती, पाणी किती, आधीच माहीत.

आता कोणीतरी म्हणेलच, "फुल स्पीडने काम उरका आणि प्रोसेसरला झोपू द्या, त्यातच बचत." कधीकधी खरंय. पण व्हिडिओची पुढची फ्रेम लवकर तयार करून मिळतं काय? ती वेळेवरच दिसणार. फायदा कशात, हे त्या त्या चिपवर ठरतं. म्हणून तर म्हणतो, वाद घालू नका, मोजा. आणि चार्जर काढून मोजा! पॉवरटॉप फुकट आहे, बॅटरीतून किती वॅट जातात ते दाखवतं. फ्रिक्वेन्सीचा कोड सुधारल्याचा दावा करणाऱ्याने वेगाच्या आकड्याशेजारी हा आकडा दिलाच पाहिजे. जुन्या मशीनवरचा.

असो. 'शेडयुटिल' लावून दिला. संध्याकाळी लाईट गेलीच. लेक्चर पूर्ण झालं, थोडी बॅटरी उरलीसुद्धा. "काका, आधीच का नाही केलंत?" म्हणाली.

आता बोला!