किरणोत्सारी म्हणजे कायमचं विष नव्हे

डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला की घरात हमखास कुणीतरी म्हणतं, "आधीच कॅन्सर, त्यात अंगात किरणोत्सारी औषध टोचून घ्यायचं?" हे काळजीपोटीच म्हटलं जातं. पण त्यामागचा समज साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी गरजेची तपासणी टळते.

समज असा, की किरणोत्सार एकदा अंगात शिरला की जन्मभर मुक्कामाला राहतो. चेर्नोबिलच्या सीझियम-१३७ ला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात, हे खरं. बोन स्कॅनमधलं टेक्नेशियम-९९एम मात्र ६ तासांत निम्मं होतं, २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो आणि दोन दिवसांत २५६ वा. ही झाली नुसती अणूंची आपसूक घट. लघवीवाटे जातं ते आणखी वेगळं. इंजेक्शननंतर दोन-तीन तास बसवून ठेवतात आणि सिस्टर पुन्हापुन्हा बजावतात, "पाणी प्या, लघवीला जाऊन या." हाडांत न मुरलेलं औषध त्यामुळे निघून जातं, चित्र स्वच्छ येतं आणि मूत्राशयालाही किरण कमी लागतात.

"मग टोचणारे शिशाच्या आडोशाला का उभे राहतात?" हा आक्षेप वरकरणी बिनतोड. पण रुग्णाला हा डोस क्वचित मिळतो, आणि त्याच्या फायद्यासाठी मिळतो. टोचणारा माणूस रोज, वर्षानुवर्षं, एकामागून एक रुग्णांचे डोस हाताळतो. त्याच्या वाट्याला फायदा काहीच नाही, म्हणून त्याच्यासाठी आडोसा.

एमआरआय का नको, हा प्रश्न जास्त विचारी आहे. काही ठिकाणी एमआरआय सरसही ठरतो. पण हाडाची घडण एक्स-रेवर बिघडलेली दिसण्याआधीच तिथली उलाढाल वाढलेली असते. ती डोक्यापासून पायापर्यंत एका बैठकीत दाखवणं हे बोन स्कॅनचं बळ.

थायरॉइडच्या उपचारातलं आयोडीन-१३१ निराळं. त्याचं अर्धायुष्य ८ दिवसांचं, तिथे लहान मुलं आणि गरोदर बायांपासून अंतर राखायलाच हवं. भीती पदार्थ पाहून धरावी, एवढंच माझं म्हणणं.

खरं तर अल्पायुष्य हाच या औषधांचा गुण, आणि अडचणही तीच. टेक्नेशियमवर तोड १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत निघाली. ६६ तासांत निम्मं होणारं मॉलिब्डेनम-९९ शिशाच्या कवचातल्या नळीत बसवायचं. सलाइन सोडलं की मॉलिब्डेनम आत राहतं, ताजं टेक्नेशियम तेवढं खाली उतरतं. त्यामुळे अणुभट्टीपासून लांबच्या रुग्णालयातही रोज सकाळी औषध तयार होतं. पेट स्कॅनच्या फ्लुओरिन-१८ ला अशी सोय नाही. ते ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे बनवणारं सायक्लोट्रॉन काही तासांच्या वाटेवर असावं लागतं. आडजिल्ह्यातल्या माणसाला या तपासणीसाठी मोठं शहर गाठावं लागतं, त्यामागे हेही एक कारण आहे. आपण भांडायचं ते या अंतराविरुद्ध. एसटी चुकून तो दोन तास उशिरा पोचला, तर त्याच्या नावाचा डोस तोवर निम्म्याहून खाली गेलेला असतो.