आवाज बिघडला की वाचन?

आमच्या थोरल्या बंधूंचे वर्षश्राद्ध नुकतेच झाले. त्या निमित्ताने जमणाऱ्या आप्तेष्टांस त्यांचा रुद्रपाठ त्यांच्याच आवाजात ऐकवावा, अशी घरातील सर्वांची इच्छा होती. दोन वर्षांपूर्वी ओसरीवर बसून त्यांनी म्हटलेला पाठ त्यांच्या नातवाने एका लहानशा ध्वनिमुद्रकावर उतरून घेतला होता. परंतु पाठ संपता संपता यंत्रातील बॅटरी संपली, फाइल नीट बंद झाली नाही, आणि ती तशीच पडून राहिली. श्राद्धाच्या आठ दिवस आधी नातवाने ती संगणकावर ऑडासिटी नावाच्या संपादन-प्रणालीत उघडावयास घेतली. पुढे जे घडले ते पुष्कळ घरांत घडण्यासारखे असल्यामुळे येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, संगणकाच्या फाइलीत आवाज नसतो, आकडे असतात. ध्वनीच्या लाटेची उंची दर सेकंदास हजारो वेळा मोजून ती मापे ओळीने लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदास ४४,१०० मापे असतात. चलच्चित्रांच्या कामी ४८,००० घेतात. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीला ८,००० पुरतात. सेकंदास मापे किती, प्रत्येक माप किती बिटांचे, मार्ग एक की दोन, हे सारे फाइलीच्या आरंभी एका मथळ्यात नोंदलेले असते. मथळा अपुरा राहिला म्हणजे वाचणाऱ्याने ते तर्काने ठरवावयाचे.

जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. तेथे पदे तोडून लिहिलेली नसतात. अक्षरांची अखंड रांग असते. एक अक्षर इकडचे तिकडे जोडले की अर्थाचा अनर्थ होतो. आणि दोष मात्र पोथीचा नसून वाचकाचा असतो.

नातवाने मथळा सोडून ‘कच्ची’ फाइल म्हणून ती उघडली व माप १६ बिटांचे धरले. तत्क्षणी कर्कश खरखराटाने घर भरून गेले. तो म्हणाला, “धाकटे आजोबा, फाइल गेली!” आम्ही त्यास म्हटले, “पुसली गेली असती तर शांतता ऐकू आली असती. हा प्रथमपासून शेवटपर्यंत एकसारखा गोंगाट आहे. आपली पदे चुकीची तुटत असावीत.” त्याच्या ध्वनिमुद्रकात माप २४ बिटांचे घेण्याची सोय होती. तसे धरून वाचनाचा आरंभ एक-दोन बाइटांनी पुढे सरकवताच खरखर थांबली, आणि “नमस्ते” हा शब्द ओसरीवरून यावा तसा ऐकू आला.

परंतु तो आवाज जड होता, रेंगाळणारा होता. कोणी म्हणाले, प्रकृती खालावलेली होती, असेच म्हणत असतील. कोणी सुचविले की प्रणालीत स्वर चढविण्याची युक्ती आहे, तिने थोडा वर घ्यावा. इतक्यात माजघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हा आवाज यांचा नव्हे.”

पन्नास वर्षे ज्यांनी तो पाठ रोज ऐकला, त्यांची साक्ष आम्हांस यंत्राहून अधिक वाटली. अंदाजाने स्वर चढविणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय. सबब आम्ही पुरावा शोधू लागलो, आणि तो त्याच ध्वनिमुद्रणात सापडला. ओसरीवरील घड्याळ अर्ध्या अर्ध्या तासाने वाजते. पाठ सुरू होताना सहाचे ठोके पडले होते व पुढे साडेसहाचा एक ठोका. या दोहोंत अंतर ३० मिनिटांचे असावयास हवे. संगणकावर ते ३२ मिनिटे ३९ सेकंद भरले.

आता त्रैराशिक मांडणे सोपे होते. प्रणालीने सेकंदास ४४,१०० मापे धरली होती. १,८०० सेकंदांचे काम १,९५९ सेकंदांत होत असेल, तर खरी संख्या किती? उत्तर ४७,९९५ च्या किंचित वर आले, म्हणजे ४८,०००! त्याच यंत्रावरील दुसरी, धड बंद झालेली फाइल उघडून पाहिली. तिच्या मथळ्यातही ४८,००० हाच आकडा होता. कमी वेगाने वाचल्यामुळे वेळ वाढला होता आणि सूर पेटीच्या हिशेबात सुमारे दीड पट्टी उतरला होता.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रणालीत दिसावयास सारख्या दोन सोयी असतात. एक केवळ वाचनाचा दर बदलते. मूळ आकड्यांस हात लावीत नाही. दुसरी, जिला रिसॅम्पल म्हणतात, ती आकडे नव्याने मांडते आणि ऐकू येणारी चूक तशीच कायम ठेवते. आपणांस पहिली हवी. शिवाय सर्व प्रयोग प्रतीवर करावेत; मूळ फाइल सोवळ्यात ठेवावी.

इतर लक्षणेही याच रीतीने ओळखता येतात. आवाज निम्म्या वेगाने व एक सप्तक खाली येत असेल, तर दोन मार्गांची फाइल एकमार्गी म्हणून वाचली जात असण्याचा संभव असतो. दुप्पट वेगाने व सप्तकभर वर असेल, तर याच्या उलट. मात्र मुद्रणाच्या वेळीच आवाज मर्यादेबाहेर गेल्यामुळे फाटला असेल, तर ती माथी छाटलेली लाट कोणत्याही दराने वाचली तरी पूर्ववत होत नाही. वाचनाचा दोष सुधारतो. लेखनाचा पुष्कळदा राहतो.

आमच्या नातवाने एक मार्मिक शंका काढली. उदात्त, अनुदात्त, स्वरित सगळेच सारख्या प्रमाणात उतरले, ऱ्हस्व-दीर्घही सारख्याच प्रमाणात लांबले. मग पाठ अशुद्ध झाला कोठे? शंका बरोबर आहे. ‘इन्द्रशत्रु’ शब्दातील स्वर चुकल्यामुळे त्वष्ट्याच्या यज्ञाचे फळ उलटले, तशी ही चूक नव्हती. पाठ शुद्धच होता. म्हणणारा मात्र दुसराच कोणी वाटत होता. घरात सात महिन्यांचे पणतवंड आहे. त्याला पणजोबा ठाऊक होणार ते या फाइलीवरूनच. आम्ही ‘चालेल’ म्हणून सोडून दिले असते, तर त्या मुलाला जन्मभर एक परका मनुष्य आपला पणजोबा म्हणून ठाऊक राहिला असता, आणि ती चूक सांगणारे तोपर्यंत कोणी उरले नसते.

श्राद्धाच्या दिवशी दर ४८,००० लावून पाठ ऐकविला. वहिनी खांबाला टेकून शेवटपर्यंत बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा लावा.”

आता फाइलीच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि प्रत्येकीसोबत एक चिठ्ठी: सेकंदास ४८,०००, २४ बिट, एक मार्ग. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांचे आवाज साठविलेले असतील, त्यांनीही त्या फाइली एकदा उघडून पाहाव्यात. आणि आवाज ओळखणारे माणूस घरात आहे तोवरच पाहाव्यात, अशी विनंती आहे.