गुलामी गेली, जमीन कुठे आहे?

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण हे महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव. गोऱ्हे आडनावाचे हे घराणे तेथल्या कुलकर्ण्याशी वैर आल्याने परागंदा झाले, असे चरित्रकार सांगतात. त्याच घराण्यातल्या जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली कोणाला? राजाला नाही, शेठजीला नाही. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील काळ्या गुलामांची बेडी तोडण्यासाठी झटलेल्या भल्या लोकांना! अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती. आफ्रिकेच्या लेकरांचे दुःख आणि शूद्रातिशूद्रांचे दुःख यांची सांगड एका माळ्याच्या मुलाने इतक्या आधी घातली. आमचे विद्वान मात्र अजूनही हा विषय परदेशी समजतात.

याच सातारा जिल्ह्यात भिमराव शिकला. १९०१ साली खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार असलेल्या वडिलांकडे ही भावंडे निघाली. मसूर स्टेशनवर जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाडे घेऊन आणि बैल मुलांनाच हाकायला लावून एकजण तयार झाला. वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. त्या मुलाने पुढे न्यूयॉर्कला शिक्षण घेतले आणि १९४६ साली काळ्यांचे नेते डॉ. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न फार सारखे आहेत, आपण त्याचा अभ्यास केला आहे, संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्यांनी दिलेल्या अर्जाची प्रत हवी आहे, असे बाबासाहेबांनी कळवले. डुबॉइस यांचे आपुलकीचे उत्तर आले.

आमच्याकडे पाश्चात्त्यांसारखी गुलामी नव्हती, अशी बढाई मारणाऱ्यांनाही बाबासाहेबांनी चोख उत्तर दिले. गुलाम पैसे मोजून घेतलेला असतो, तो मेला तर धन्याचे नुकसान होते. अस्पृश्य उपाशी मेला तर नुकसान कोणाचे? कोणाचेच नाही! मात्र दोन समाजांच्या दुःखांची वजने करण्यासाठी त्यांनी हे लिहिले नाही, हे आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली आणि त्यातली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. ते दुःख आम्ही लहान का मानावे?

आता खरा हिशेब पाहू. ब्रिटनने १८३३ साली गुलामी बंदीचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंडांची भरपाई दिली. ती मिळाली गुलामांच्या मालकांना! राबणाऱ्याच्या हातावर छदामही पडला नाही. अमेरिकेत १८६५ साली मुक्त झालेल्या काही काळ्यांना ४० एकरांपर्यंतचे तुकडे देण्याचा हुकूम निघाला आणि वर्षाच्या आत नव्या अध्यक्षाने तो फिरवून जमिनी जुन्या धन्यांना परत केल्या.

आणि इकडे? महार वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या घराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची वेठ करायची. निरोप पोचवायचा, मेलेले जनावर ओढायचे. ही वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. त्यात अट काय? वतनाची जमीन सरकारजमा करायची आणि वतनदाराने कब्जेहक्काची रक्कम भरून ती परत घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसाने स्वतःच्याच जमिनीचे पैसे मोजायचे! ज्याच्या घरी रोकड नव्हती, त्याने काय करावे? कलेक्टरच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येत नाही, असे कायदा सांगतो. तरीही वतनाच्या जमिनी भलत्याच हातांत गेल्याचे वाद आज महाराष्ट्रभर निघत आहेत.

सांगलीजवळच्या नांद्रे गावचे राजा ढाले १९७२ साली दलित पँथरच्या संस्थापकांत होते. हे नाव घेतले अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून. जोतीरावांनी बांधलेला दुवा शंभर वर्षांनी पुन्हा जुळला. भूमिहीनांचा प्रश्न पँथरच्या जाहीरनाम्यात होता. पण दोन-तीन वर्षांतच फूट पडली. रिपब्लिकन पक्षाचेही तेच. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात तुरुंग भरले, मग गटांना नेत्यांची नावे पडली आणि जमीन विसरली गेली.

आफ्रिकेतही हेच घडले. २५ मे १९६३ रोजी आदिस अबाबात ३२ देशांचे नेते जमले. घानाचे एन्क्रुमा एका संघराज्यासाठी टाहो फोडत होते, बाकी बहुतेकांना आपापली गादी प्यारी होती. गोऱ्यांनी आखलेल्या सरहद्दी तशाच राहिल्या. पण उशिरा का होईना, आफ्रिकन युनियनने २०२५ हे वर्ष गुलामीच्या भरपाईच्या मागणीला वाहिले. आपसांत भांडणारे देश एका मागणीवर एका आवाजात बोलले.

मग सातारा-सांगलीतल्या आमच्या सर्व गटांना एक मागणी तरी एकत्र करता येऊ नये काय? प्रत्येक गावातील वतन जमिनींची यादी तलाठ्याने ग्रामसभेत वाचावी. किती एकर होती, कोणी रक्कम भरली, कोणाची राहिली, आज सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, हे सगळ्यांसमोर सांगावे. आम्ही ही मागणी करीत आहोत. कोणत्या गटाचा झेंडा पुढे असावा, यावरून कृपा करून पहिली बैठक मोडू नका.