‘घरात दुसरा प्राणी नसावा’

माणसांवर निरतिशय लोभ असलेल्या, परंतु स्वजातीयांचा सहवास न सोसणाऱ्या एखाद्या कुत्र्याची शिफारस प्राण्यांच्या निवाऱ्याकडून होते, तेव्हा त्याच्या कागदावरील ‘घरात दुसरा प्राणी नसावा’ एवढी एकच अट वाचून पुष्कळ सुबुद्ध कुटुंबे माघारी वळतात. आणि या माघारीच्या समर्थनार्थ जे आक्षेप घेतले जातात, ते वरवर विवेकाचे भासले तरी बारकाईने तपासता टिकत नाहीत.

‘जो आज जातभाईवर धावून जातो, तो उद्या घरातल्या मुलालाही चावेल,’ हा त्यांतला मुख्य आक्षेप. वस्तुतः कुत्र्याचा कुत्र्यावरील रोष आणि माणसावरील रोष या पृथक् प्रवृत्ती असून एकीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पिल्लाच्या वयाच्या साधारण ३ ऱ्या ते १२ व्या आठवड्यांमधल्या काळाचे महत्त्व दाखविले आहे. आपले कोण आणि परके कोण, याचा संस्कार त्याच काळात होतो. त्या अवधीत आई-भावंडांपासून तुटलेल्या आणि केवळ माणसांच्या हातांत वाढलेल्या पिल्लाने पुढे माणसांत रमावे व कुत्र्यांना बिचकावे, यात विपरीत काय? निवाऱ्यात असा कुत्रा अवश्य पाहावा. अनोळखी माणूस खाली बसताच तो आपली कूस त्याच्या गुडघ्याला टेकवून उभा राहतो, जबडा सैल सुटतो, शेपटी कमरेसकट हलते. आणि पलीकडून दुसरा कुत्रा नेला जाताच तोंड मिटते, मान ताठ होते, पाठीवरचे केस उभे राहतात.

एकटे ठेवणे ही क्रूरता आहे, असेही म्हटले जाते. पण ज्याला शेजारच्या पिंजऱ्यातले अहोरात्र भुंकणेच जाचते, त्याला ‘सोबत’ म्हणून तोच जाच घरात आणून द्यावा काय? त्याला सोबत हवी ती माणसांची, सबब दिवसभर कुलूप असणारे घर त्याच्या कामाचे नाही, हे मात्र मी निःसंकोच मान्य करतो.

माझ्या मते अधिक घातक आहेत ते ‘सवयीने जमेल’ म्हणून अट मान्य करून मोडणारे. घरातल्या मांजरीचा जीव धोक्यात घालायचा, आणि चार दिवसांत कुत्र्याला परत पाठवून त्याच्या दप्तरी आणखी एक ठपका लावायचा, हा दुहेरी अन्याय आहे.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. आपल्या शहरांत गल्लोगल्ली कुत्रे आहेत आणि २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी व लसीकरण झालेला कुत्रा सामान्यतः त्याच्याच हद्दीत परत सोडला जातो. मग याला फिरवावे कसे? याचे उत्तर कष्टाचे आहे, पण अशक्य नाही. रहदारी कमी असेल अशी वेळ निवडावी, मजबूत पट्टा क्षणभरही सोडू नये, खाऊ दाखवीत दाखवीत मुसक्याची सवय लावावी, आणि समोरून कुत्रा दिसताच त्याला ताण येण्यापूर्वीच रस्ता ओलांडावा. ज्याच्याने एवढे होणार नाही, त्याने हा कुत्रा घेऊ नये.

परंतु ज्यांच्या घरी जनावर नाही, दिवसा कोणी ना कोणी असते आणि अंगी सबुरी आहे, त्यांना ही अट आड येतेच कुठे? ती त्यांच्याकडून आधीच पुरी झालेली आहे. अशा वाचकांना माझी विनंती आहे, की त्यांनी जवळच्या निवाऱ्यात जावे, या कुत्र्याचे माणसांशी वागणे कसे आहे हे तेथील सांभाळणाऱ्यांना विचारावे, दोन-तीन वेळा स्वतः त्याच्याजवळ बसून पाहावे आणि मन मानले तर त्याला घरी आणावे.