रायीतला मुंडकार

सत्तरीतील केरी हे चोर्ला घाटाच्या पायथ्याचे गाव. (पेडण्यात तेरेखोलच्या मुखावर आहे ते केरी निराळे.) या गावी ‘आजोबाची राय’ आहे. देवाची म्हणून लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या राखली. त्यासाठी कोणत्याही खात्याच्या फलकाची गरज पडली नाही. आज त्या रायीची आठवण आम्ही काढीत आहोत ती एका पाखरासाठी.

हे पाखरू म्हणजे धनेश. गोव्यात त्याच्या चार जाती आढळतात. त्यांतील मलबारी राखी धनेश सह्याद्रीच्या रांगा सोडून जगात अन्यत्र कोठेही नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत तो आणि त्याच्याहून कितीतरी थोराड असा महाधनेश हे दोघेही आता ‘असुरक्षित’ या वर्गात गेले आहेत. कवड्या धनेश त्या उंबरठ्यावर आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२३ साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार होऊन १७८ जातींच्या रक्षणास अग्रक्रम द्यावा असे म्हटले आहे. याद्या होतात हे चांगलेच. आमच्या सरकारनेही लाल गळ्याच्या एका देखण्या बुलबुलास राज्यपक्ष्याचा मान दिला आहे. परंतु राज्यपक्षी ठरविण्यास एक आदेश पुरतो. धनेश राखावयाचा तर जुने झाड लागते.

कारण या पक्ष्यास स्वतः ढोली कोरता येत नाही. विणीच्या हंगामात मादी एखाद्या जुन्या वृक्षाच्या आयत्या ढोलीत शिरते, विष्ठा व फळांचा गर यांनी दार लिंपून घेते आणि चोचीपुरती फट तेवढी ठेवते. पुढे दोन-तीन महिने नर वड, उंबर, रानजायफळ अशी फळे वेचून आणतो व त्या फटीतून भरवितो. तो मारला गेला की आत मादीवर आणि पिलांवर उपासमारीची पाळी येते. धनेशाच्या तेलाने सांधे मोकळे होतात असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात; त्यांच्या गुडघ्यांपायी एक अख्खा संसार बुडतो. शिवाय फळे खाऊन त्यांच्या बिया दूरवर टाकणारा हाच. त्याच्यावाचून रानातील कित्येक झाडांची पेरणी कोण करणार?

दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा हा मुंडकारच म्हणावयाचा. माणसांतील मुंडकारांस घरातून हुसकू नये म्हणून गोव्यात १९७५ साली कायदा झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धनेशाची शिकार हा गुन्हा ठरला आहे खरा. पण गावातले ढोलीचे झाड पाडले जाते तेव्हा धनेशाचा विचार कोणाच्या मनात येतो? पोकळ म्हणून, धोक्याचे म्हणून, पहिली करवत त्याच झाडावर चालते. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले. फळांच्या शोधात फिरणारे पाखरू मात्र त्याची हद्द पाहून उडत नाही.

येथे आमच्या वाचकांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. रायींवर घाला घालणारे नेहमी परकेच असतात असे नाही. जीर्णोद्धाराच्या नावाने सिमेंटचा सभामंडप, जत्रेच्या गाड्यांसाठी मोकळी जागा, आणि त्यापायी देवाच्याच झाडांची तोड, हे आपण श्रद्धाळू मंडळीच करीत असतो. पूर्वजांनी देवाच्या धाकाने राखले ते आपण देवाच्या सेवेसाठी तोडतो.

डिचोली तालुक्यात सुर्ला येथील पुर्वतळी रायीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात तशी तरतूद आहे. केरीच्या रायीसाठी व सत्तरीतील इतर रायींसाठी पंचायतींच्या जैवविविधता समित्यांनी तसेच प्रस्ताव करावेत. त्याआधी, येत्या विणीच्या हंगामापूर्वी, गावात ढोलीची झाडे किती व कोठे आहेत याची नोंद तरी व्हावी. त्याला निधी लागत नाही. गावातील एखादा म्हातारा गुराखी बरोबर घेतला तर दोन दिवसांचे काम आहे.