मोगलाईतले बेथेल

हैदराबादेत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत पाहुणे आले, म्हणजे त्यांस काय काय दाखवावयाचे याचा क्रम ठरलेला असतो. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय आणि सवड असली तर मेदकचे कॅथीड्रल. शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेली ती भव्य दगडी वास्तू वेस्लियन मिशनचे चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळात लोकांस काम मिळावे या हेतूने उभारली आणि 25 डिसेंबर 1924 रोजी तिचे समर्पण झाले. वास्तू पाहून पाहुणे प्रसन्न होतात, आणि ‘येथले ख्रिस्ती लोक तेलुगू बोलणारे’ एवढी माहिती देऊन आपणही मोकळे होतो.

परंतु याच जुन्या हैदराबाद संस्थानात एक मराठी ख्रिस्ती गावही वसविले गेले होते, त्याचा वसविणारा मराठी माणूस होता, आणि त्यास जागा मिळाली ती हैदराबादच्या दिवाणाकडून, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. त्या गावाचे नाव बेथेल. या महिन्यात वाचकांना त्या छोट्या गावाची व तेथल्या मंडळीची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे. निमित्त ख्रिस्ती मंडळीचे असले, तरी प्रश्न आपल्या सर्वांच्या मराठीचा आहे, हे पुढे ध्यानात येईल.

‘मोगलाई’ हा शब्द आजच्या मुलांस समजावून सांगावा लागतो. दख्खनच्या मोगल सुभ्यातून निजामाचे राज्य निर्माण झाले म्हणून इंग्रजी अमलातील मराठी माणूस या मुलखास मोगलाई म्हणे. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे 1948 पर्यंत या राज्यात होते. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारी गाडी आजही ज्या जालन्यावरून जाते, ते जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातील मोठी पेठ होते. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण उगाच पडलेली नाही. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. या जालन्याच्या जवळच बेथेल वसले.

ते वसविणाऱ्या नारायण शेषाद्रींचे नाव मराठीच्या अभ्यासकांना निराळ्या कारणाने परिचित असते. 1843 साली मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास गेला; तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाचा ताबा वडिलांना दिला. पुढे त्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की घेऊ नये, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी मुलाचा पक्ष घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्या सामाजिक सुधारणेच्या इतिहासात हे श्रीपत शेषाद्री प्रकरण नेहमी सांगितले जाते. ते सांगताना थोरला भाऊ मात्र बाप्तिस्म्याच्या प्रसंगापाशीच नजरेआड होतो. वस्तुतः त्याचे जीवितकार्य त्यानंतर सुरू झाले.

पाळक झाल्यावर नारायण शेषाद्रींनी साठाच्या दशकात जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. त्यांच्याकडे आलेल्या लोकांत बहुसंख्य मातंग समाजाचे होते. गावगाड्यात या समाजाचे स्थान काय होते हे सांगावयास नको. शेतकऱ्याला दोरखंड यांनी वळून द्यावयाचे, लग्नात वाजंत्री यांनी वाजवावयाची, आणि राहावयाचे मात्र वेशीबाहेर. अशा माणसाने धर्म बदलला की गावातला त्याचा उरलासुरला आधारही तुटे. बलुते बंद होई, काम मिळेनासे होई. तेव्हा नुसता उपदेश करून भागणार नव्हते. कसावयास जमीन आणि राहावयास हक्काची जागा हवी होती.

ती त्यांना दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली. आपण ज्यांचे संग्रहालय पाहतो ते तिसरे सालारजंग; हे पहिले, 1853 पासून 1883 पर्यंत राज्याचा गाडा हाकणारे. राज्य निजामाचे, दिवाण मुसलमान, मागणारा ब्राह्मणकुळात जन्मलेला ख्रिस्ती पाळक आणि जमीन कसणार मातंग! काही वर्षांपुरती साऱ्याची सूट देऊन ही जमीन दिली गेली आणि तीवर घरे, शाळा व उपासनामंदिर उभे राहिले. गावाला नाव दिले बेथेल. हा हिब्रू शब्द; अर्थ ‘देवाचे घर’. उशाला दगड घेऊन उघड्यावर निजलेल्या याकोबाला स्वप्नात स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली, तेव्हा त्याने त्या जागेला हे नाव दिले, अशी जुन्या करारात कथा आहे. ज्यांना गावाच्या वेशीत घर नव्हते, त्यांच्या वस्तीला यापेक्षा समर्पक नाव कोणते मिळाले असते?

नारायण शेषाद्री 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले होते. परदेशांतल्या श्रोत्यांपुढे त्यांनी आपल्या कार्याची बाजू मांडली. 1891 साली अशाच एका दूरच्या प्रवासात समुद्रावर त्यांचे निधन झाले. जालन्याच्या कार्याला त्यांनी सुमारे तीन दशके दिली होती.

आता या मंडळीच्या रीतीविषयी. ‘चर्च’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ माणसे. नारायण शेषाद्री ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक होते, ते चर्चच मुळी 1843 साली एका तत्त्वावरून वेगळे झाले होते. गावचा पाळक जमीनदाराने नेमावयाचा की मंडळीने स्वतः निवडावयाचा, हा तो वाद होता. आणि मंडळीचा अधिकार मानणाऱ्यांनी सरकारी चर्चची घरे व वेतने सोडून दिली होती. या प्रेसबिटेरियन पद्धतीत मंडळी आपल्यातूनच ‘वडील’ निवडते. वडीलमंडळ पाळकाबरोबर बसून मंडळीचा कारभार पाहते, तंटे मिटविते, दानाचा हिशेब ठेविते. ज्या माणसाला गावच्या चावडीवर बसावयाची मुभा नव्हती, त्याने सभेत बसून मत द्यावयाचे, हिशेबाच्या वहीवर सही करावयाची, यातील अर्थ आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. कायद्याच्या पुस्तकात समता येण्यापूर्वी कितीतरी वर्षे तिचा सराव अशा छोट्या सभांतून चालला होता.

आणि सहीसाठी अक्षरओळख लागते. प्रॉटेस्टंट पंथाचा आग्रहच असा, की देवाचे वचन प्रत्येकाने स्वतः, आपल्या भाषेत वाचावे. म्हणून जेथे मंडळी तेथे शाळा, हा खेडोपाडी नियमच होता. एकच इमारत, आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासनामंदिर. एकच मास्तर, मुलांना बाराखडी शिकविणारा आणि मोठ्यांपुढे शास्त्र वाचणारा. मराठी नवा करार मुंबईस 1826 सालीच छापून निघाला होता. स्त्रियांनी वाचावे हाही आग्रह होता. घरोघर जाऊन वाचून दाखविणाऱ्या ‘बायबल बाई’ मराठी मुलखात हिंडू लागल्या त्या काळी वरिष्ठ वर्णांतील घरांतूनसुद्धा मुलीच्या हातात पुस्तक देणे अशुभ मानले जाई, हे विसरून चालणार नाही.

खेड्यातील अशा मंडळीचे वर्ष पाहावे तर ते आपल्याच मातीतले वाटते. रविवारी घंटा होते, लहान मुलांची शब्बाथशाळा भरते, मग उपासना. पेटी, तबला, टाळ यांच्या साथीवर अभंग, ओव्या, पदे म्हटली जातात. या गीतांचा मोठा ठेवा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ज्ञानोबा-तुकोबांचे छंद ख्रिस्ती उपासनेत आणले. त्यांच्याही आधी नगर भागात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. सुगी झाली की उपकारस्तुतीचा दिवस येतो. ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबडी, अंडी, ज्याला जे पिकले ते वेदीपुढे आणून ठेवावयाचे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करून पैसे मंडळीच्या निधीत घालावयाचे. नाताळात करंज्या-शेव-लाडू शेजारच्या हिंदू-मुसलमान घरी जातात आणि दिवाळी-ईदला परत येतात. उत्तम शुक्रवारी क्रुसावरील सात उद्गारांवर एकेकाने बोलावयाचे असते; त्या निमित्ताने शेतावर राबणारी माणसेही मराठीत वक्तृत्व करतात.

अशा धर्मांतरावर ‘भाकरीसाठी धर्म विकला’ असा आक्षेप तेव्हाही होता, आजही ऐकू येतो. 1876 ते 1878 च्या भयंकर दुष्काळात उपाशी माणसे मिशनच्या दाराशी आली, हे खरे. काही मिशनऱ्यांची आपल्या समाजाविषयीची भाषा तुच्छतेची होती, हेही खरे. परंतु भाकरीसाठी आलेला माणूस पाऊस पडला की निघून जातो. परक्यांचे पैसे आटले, मिशनरी मायदेशी गेले, निजामाचे राज्य गेले, आणि तरीही मराठवाड्यातील मंडळ्या राहिल्या. 1924 साली त्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आल्या आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. भूक हे दाराशी येण्याचे कारण असेल. राहण्याचे कारण मान हे होते, असे आम्हांस वाटते.

त्या मानाची किंमतही द्यावी लागली. शाळेच्या प्रवेशनोंदवहीत मातृभाषा, धर्म आणि जात असे तीन रकाने शेजारी शेजारी असतात. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेविल्या. 1956 साली शीख व 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अशा कुटुंबांची गणना इतर मागासवर्गांत होते. आपल्याकडे मागासवर्गांच्या ‘क’ गटात 1 टक्का त्यांच्यासाठी आहे. 2007 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी अशी शिफारस केली. 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी आयोग नेमला. वेशीबाहेरून आलेल्या माणसाची जात समाज विसरला नाही, कागद मात्र विसरला. परिणाम असा, की एकाच कुळातील दोन भावांची मुले एकाच बाकावर बसतात आणि दोघांचे दाखले निराळे होतात. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. परंतु तो प्रश्न आहे, एवढे तरी आपण जाणले पाहिजे.

आम्हांस या साऱ्यांत अधिक लक्षणीय वाटते ती पहिल्या रकान्यातील नोंद : मातृभाषा मराठी. हैदराबाद राज्यात सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी असूनही दरबारची, कचेरीची व पुढे 1918 नंतर विद्यापीठाचीही भाषा उर्दू होती. आपल्या वडीलधाऱ्यांनी येथे 1907 साली विवेकवर्धिनी काढली, मराठी ग्रंथालय उभारले, साहित्य परिषद चालविली. त्यांचा अभिमान आपण योग्य रीतीने बाळगतो. पण त्याच अमलात, त्याच काळात, जालन्याजवळच्या खेड्यात दर आठवड्यास मराठी वाचली, गायिली व लिहिली जात होती, आणि तीही ज्यांच्या आजोबांना अक्षर शिवू दिले नव्हते त्यांच्याकडून. मोगलाईत मराठी कोणी जगविली याचा हिशेब मांडताना ही नावे आपल्या यादीत नसतात. आपण ज्यांना सहज ‘आपली माणसे’ म्हणतो, ती यादीच आखूड आहे.

आज आपल्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते : मुले मराठी बोलतात, वाचत नाहीत. गणेशोत्सवात नाटक होते, कोजागरीला दूध होते, आणि पुढे वर्षभर मराठी पुस्तक कपाटात राहते. बेथेलसारख्या मंडळीची रीत याहून साधी आहे. आठवड्यातून एक ठरलेली वेळ; आजीपासून नातवापर्यंत सर्व एकत्र; प्रत्येकाच्या हातात एकच पुस्तक; आणि पाळीपाळीने मोठ्याने वाचन. वाचताना चुकले तर हसावयाचे नाही. तेथे पुस्तक धर्माचे होते. आपल्याकडे ज्ञानेश्वरी असो, ‘श्यामची आई’ असो, नाही तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्यासाठी अनुदान लागत नाही, सभागृह लागत नाही, पाहुण्यांचे सत्कार लागत नाहीत. एक दिवा आणि एक तास पुरतो.

रविवारी संध्याकाळी तो तास काढावा, आणि मजल्यावर किंवा गल्लीत एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब राहत असेल तर त्यांनाही बोलवावे. मोठ्याने वाचण्याची सवय त्यांच्या घरी आपल्यापेक्षा जुनी असण्याचा संभव आहे.